गणपाला मी सांगितलेले पाय

सकाळी दूध तापवत होतो तेव्हा शुभांगीचा फोन आला. शुभांगी म्हणजे माझा मित्र गणपत सरनाईक याची सून. "काका, आबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मग फोन तिच्या मुलीने, सईने घेतला. झोपेतच गेला होता. मी गॅस बंद केला, शर्ट चढवला आणि जयपुरातल्या आमच्या तिलक नगरच्या कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभा राहिलो. गणपाचं घर सांगानेरच्या पलीकडे, बरंच लांब. त्या सगळ्या रस्त्यात मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मला वाटलं, सुटलो. आता त्याच्यासमोर जाऊन बसायला नको. असा माणूस हा लेख लिहितो आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

त्याच आठवड्यात शोकसभा झाली. जयपुरात नोकरीसाठी आलेल्या मराठी पोरांचा एक ग्रुप आहे. कुणी आयटीत, कुणी बँकेत, बहुतेक पुण्या-नाशकाकडचे. गणपतीत आरत्या म्हणतात, कोजागरीला दूध आटवतात आणि उरलेलं वर्ष एकमेकांना फुलांची चित्रं पाठवतात. त्यांचा म्होरक्या निखिल. त्याच्या सोसायटीच्या क्लबहाउसात सभा होती, आणि तिथल्या मोठ्या टीव्हीवर एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू होता. आपल्या देशाचा फुटबॉल संघ स्पर्धा जिंकला त्या संध्याकाळचा. गणपा खुर्चीत बसला आहे, गळ्यात कुणीतरी घातलेला तिरंगी मफलर, आणि डोळ्यांतून धार लागली आहे. खाली अक्षरं, 'सुभेदारसाहेबांचे आनंदाश्रू'. सगळ्यांचं बोलून झाल्यावर माइक माझ्या हातात आला. मी म्हणालो, "गणपाने आयुष्यभर ज्या विजयाची वाट पाहिली, तो विजय पाहून तो गेला. समाधानाने गेला." बायकांनी डोळे पुसले. खाली बसलो तर निखिल कानाशी येऊन म्हणाला, "काका, एकदम टची झालं." माझ्या भाषणाचाही व्हिडिओ झाला. तो कोल्हापूरपर्यंत फिरला, या पुरवणीच्या वाचकांपैकीही काहींनी पाहिला असेल. त्यात मी बोललो ते खोटं आहे. गणपा समाधानाने गेला नाही, आणि त्याला कारण मी आहे.

आम्ही दोघे कोल्हापूरचे, एकाच पेठेतले, एकाच तालमीचे. कोल्हापुरात तालमीला कुस्तीचा आखाडा असतो तसा फुटबॉलचा संघही असतो, आणि पेठेची अब्रू त्या संघाच्या पायात असते. सुरुवातीला आम्ही दोघेही राखीव खेळाडू. तो राखीव गोलकीपर, मी राखीव बॅक. मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेघेबाहेर, शेजारी शेजारी मांडी घालून बसायचो. आमच्या तालमीत एक रीत होती. आपल्या गोलवर पेनल्टी आली की राखीव गोलकीपरने तिकडे पाठ करून बसायचं. त्याची नजर लागते म्हणत. वस्तादांनी या खुळाला एक शहाणपणाची जोड दिली होती. शेजारच्याने त्याला पाय सांगायचे. गोल झाला की अडला हे लोकांच्या ओरडण्यावरून कळतंच, ते कुणी सांगावं लागत नाही. सांगायचे ते गोलकीपरचे पाय. बॉल सुटेपर्यंत तो रेषेवर होता का, भार कुठल्या पायावर टाकला, झेप कशी घेतली. पाठ करून बसलेल्याने ते ऐकायचं, मनात उभं करायचं आणि शिकायचं. पुढे गणपा पहिला गोलकीपर झाला तरी ही सवय सुटली नाही. दुसऱ्याच्या गोलवरची पेनल्टी मारली जात असताना त्याने कधी उघड्या डोळ्यांनी पाहिली नाही. मैदानावर असो की टीव्हीवर, तो पाठ फिरवायचा आणि म्हणायचा, "रघ्या, पाय सांग." मी सांगायचो. जन्मभर सांगत आलो. दुसऱ्या कुणाला त्याने कधी विचारलं नाही.

गणपा कोण होता हे कळायला एकच सामना पुरे. आमच्या तालमीचा अंतिम सामना, समोर कट्टर दुश्मन तालीम, बरोबरी, आणि वेळ संपत आलेली असताना आमच्यावर पेनल्टी. तोवर मीही संघात आलो होतो, गोलच्या बाजूलाच उभा होतो. गणपाने बॉल डावीकडे झेपावून अडवला. लोक मैदानात घुसले, कुणी त्याला खांद्यावर घेतलं. तो धडपडत खाली उतरला, रेफरीकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, मी आधीच हललो हुतो." त्या काळी बॉल मारेपर्यंत गोलकीपरने पाय हलवायचाच नाही असा नियम. रेफरी आधी हसला. मग त्याने लाइनमनला विचारलं, आणि लाइनमनने मान खाली घालून कबूल केलं की पाहिलं होतं, पण आमच्या पेठेतल्या लोकांसमोर निशाण वर करायची त्याची छाती झाली नाही. पेनल्टी पुन्हा मारली गेली. गोल. हरलो. त्यानंतर तालमीच्या कट्ट्यावर गणपा आला की कुणी सरकून जागा देत नसे. मीही दिली नाही. वर्ष संपायच्या आत तो फौजेत भरती झाला. त्याच्या माघारी पेठेत पुष्कळ दिवस म्हणत, हरिश्चंद्र गेला एकदाचा. आज त्याच पेठेत त्याच्या फोटोला हार घातल्याचं ऐकतो तेव्हा हसू येतं. हार घालणाऱ्यांतले दोघे-तिघे तेव्हाचेच आहेत.

फौजेने त्याला फिरवून फिरवून शेवटी जयपुरात आणलं आणि तो इथेच सुभेदार म्हणून निवृत्त झाला. मी आधीपासून सीतापुऱ्यात, कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो. त्याला तिथे सिक्युरिटीत लावून दिला. गणपा हा गोड माणूस नव्हता. शोकसभेत सगळे त्याला 'मार्गदर्शक' म्हणाले, 'आधारवड' म्हणाले. अरे, तो तुम्हाला तोंडावर शिव्या द्यायचा, विसरलात? चौमूंच्या एका शाळेत बसने जाऊन तो पोरांना गोलकीपिंग शिकवायचा, तिथल्या मास्तरांशीही त्याचं एक दिवस पटलं नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणायचा, "मास्साब, हाथ तो सबके पास होते हैं, इसके पैर देखो पैर." जगात त्याला बहुतेक सगळ्याचा तिटकारा होता, आणि आपल्या देशाच्या फुटबॉल संघाचा सर्वात जास्त. तरी त्या संघाचा एकही सामना त्याने कधी चुकवला नाही. आम्ही दोघांनी तो संघ हरताना इतक्या वेळा पाहिला की सामना संपल्यावर काय बोलायचं तेही ठरून गेलं होतं. तो म्हणायचा, "बंद कर ते." मी बंद करायचो. मग चहा.

त्या व्हिडिओतल्या स्पर्धेचा अंतिम सामना क्लबहाउसात मोठ्या टीव्हीवर बघायचं निखिलनेच काढलं. उपांत्य फेरीपर्यंत या लोकांना अशी काही स्पर्धा चालू आहे याचाही पत्ता नव्हता. अंतिम फेरीत गेल्याबरोबर सगळे भक्त झाले. निळे शर्ट मागवले, गालावर रंग फासले, समोसे सांगितले. आपल्या संघातल्या एका तरी खेळाडूचं नाव सांगा म्हटलं असतं तर अर्धे कप्तानापाशीच अडले असते. गणपाला पहिल्या रांगेत मध्ये बसवलं, मफलर घातला. तो मला म्हणाला, "सत्यनारायण हाय का रं हितं? मला कशाला पाटावर बसिवलंय?"

सामना मात्र खरोखर झुंजीचा झाला. सुरुवातीलाच आपल्या बॅकने घोळ घातला आणि गोल बसला. गणपाने तोंड सोडलं. "ह्यो बॅक हाय का लग्नातला वाढपी? या म्हणतोय, बसा म्हणतोय, सगळ्यास्नी वाट देतोय." पोरं खदाखदा हसली. निखिलने विचारलं, "आबा, ऑफसाइड म्हणजे नक्की काय असतं हो?" गणपा म्हणाला, "पंगत बसायच्या आधीच पानावर जाऊन बसायचं. तुमच्यासारखं." तेही त्यांना कौतुकच वाटलं. उत्तरार्धात कॉर्नरवर आपल्या एका लांबड्या पोराने डोक्याने गोल केला. मग जादा वेळ. एका खेळाडूची भुवई फुटली, पट्टी बांधून तो परत आला आणि पुन्हा तसाच डोक्याने बॉल मारायला लागला. पायात गोळे आलेली पोरं गवतावर आडवी पडत होती, उठत होती. गणपाच्या शिव्या कधी थांबल्या मला कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा त्याचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला जात होता, जणू तोच उडी घेणार आहे.

बरोबरी सुटेना म्हणून पाच-पाच पेनल्ट्यांचा टायब्रेकर लागला तसा तो उठला, खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसला. मी समोर, त्याच्या खांद्यावरून टीव्ही बघत. पोरांना काही कळेना. एक जण म्हणाला, "आबा, अहो तिकडे बघा, मेन तर आता आहे!" गणपा म्हणाला, "तू बघ की. रघ्या, पाय सांग." मी सांगत गेलो. रेषेवर. रेषेवर, डावा पाय आधी. रेषेवर, उभाच राहिला. आणि मग त्यांची शेवटची पेनल्टी. आपल्या गोलकीपरने ती अडवली आणि अख्खं क्लबहाउस छताला लागलं.

मी पाय पाहिले होते. आता नियम सैल झाला आहे, एक पाय रेषेवर असला तरी चालतो. पण त्याचे दोन्ही पाय बॉल सुटायच्या आधीच पुढे आले होते, चांगले हातभर. त्या स्पर्धेत व्हिडिओ बघून निर्णय फिरवायची सोय नव्हती. रेफरीने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि त्याचीही छाती झाली नाही. गणपा माझ्याकडे बघत होता. आजूबाजूला पोरं नाचत होती, कुणाचा तरी मोबाइल आमच्यावर रोखलेला होता. "पाय सांग," तो म्हणाला. आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं... भीक म्हणावी असं.

मी म्हणालो, "रेषेवर होता."

गणपाने पुन्हा विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

तेव्हा तो रडला. तोच तो व्हिडिओ. त्याच्या पाठीमागे, नाचणाऱ्या पोरांच्या डोक्यांमधून, टीव्हीवर तीच पेनल्टी बाजूच्या कॅमेऱ्यातून सावकाश दाखवत होते. पाय पुढे, बॉल मागाहून. एकाही माणसाचं तिकडे लक्ष नव्हतं. मी सोडून.

का खोटं बोललो याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली. त्याचं वय, त्याचं हृदय, पोरांचा आनंद. सगळी भुक्कड आहेत. खरं उत्तर हे की मला जिंकायचं होतं. इतकी वर्षं हरणाऱ्या संघाच्या मागे घालवल्यावर मला एकदा जिंकायचं होतं, आणि समोर बसलेला हा माणूस ते काढून घेईल याची मला धास्ती होती. पेठेत कट्ट्यावर जागा न देणारा मी आणि आताचा मी, यात काही फरक नव्हता. त्या विजयाबद्दल आता लोक छाती फुगवून बोलतात. एवढा मोठा देश, शेजारपाजारच्या छोट्या देशांना कसाबसा टायब्रेकरवर हरवतो आणि आठवडाभर मिरवतो, पुढच्या सामन्याला मैदान पुन्हा रिकामं. त्या मिरवणुकीची मला किळस येते. त्या पोरांची मात्र येत नाही. फुटक्या भुवईने खेळला त्याची झुंज खरी होती. गोलकीपरलाही मी दोष देत नाही. अडवणं हे त्याचं काम होतं, पकडणं हे रेफरीचं. बघून सांगणं हे माझं काम होतं, आणि त्या मैदानापासून इतक्या दूर, समोसे खात, ते मला जमलं नाही.

कुठलाही टायब्रेकर झाला की दुसऱ्या दिवशी त्याचं चित्रण तो स्वतः बघायचा, सांगितलेले पाय खरे होते का ते ताडून. हे मला ठाऊक होतं, तरीही बोललो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. सईच्या मोबाइलवर त्याने पाहिलं होतं. माझी बायको कमल म्हणाली, "बसा भावजी, चहा टाकते." तो बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मी तुला इचारलं हुतं, रघ्या. टीव्हीला न्हाई. टीव्हीला इचारायचं असतं तर मान वळवायला मला काय लकवा मारला हुता?" मी काहीतरी पुटपुटलो की तुझ्याचसाठी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आदल्या दिवशी त्या वाढपी बॅककडे पाहिलं होतं. "माझ्यासाठी?" म्हणाला. "मी पोरासोरांफुडं रडलो की रं." आणि गेला.

आमची भांडणं नवी नव्हती. ठरलेलं होतं की ज्याची चूक त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं. माफी वगैरे मागायची नाही, नुसतं बसायचं. चहा आला की मिटलं. यावेळी चूक कुणाची यात शंका नव्हती. मी गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो, ऊन आहे म्हणालो, निवळू दे त्याचा राग म्हणालो. खरं म्हणजे त्याची ती नजर पुन्हा अंगावर घ्यायची माझी तयारी नव्हती. असे आठवडे गेले, आणि एक दिवस सकाळी शुभांगीचा फोन आला.

शोकसभेनंतर निखिलने आणखी एक काढलं. गणपाच्या नावाने चषक. मानसरोवरच्या एका टर्फवर पाच-पाच जणांचे सामने, बॅनरवर तोच रडतानाचा फोटो आणि खाली 'विजयाश्रू चषक'. बक्षीस माझ्या हस्ते. बॅनर पाहिला आणि मला राहवलं नाही. माइक घेतला आणि जे वर लिहिलं तेच सांगितलं. पाय सांगायची रीत, गणपाने रेफरीला जाऊन सांगितलेलं खरं, मी सांगितलेलं खोटं, आणि तो कसा माझ्या दारातून न बसता गेला ते. वाटलं, कुणी उठून जाईल, निदान चुळबुळ होईल. टाळ्या पडल्या! दणदणीत. निखिल पुढे येऊन म्हणाला, "काका, ही स्टोरी तर अजून भारी आहे. ऑनेस्टी! पुढच्या वर्षी आबांच्या नावाने फेअर प्ले अवॉर्डच ठेवू." या लोकांना काहीही सांगा, ते त्याचं बक्षीस करतात.

टाळ्या न वाजवणारी एकटी सई होती. खाली उतरल्यावर ती माझ्याजवळ आली. इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलते. "रघूआजोबा, मतलब... आबांना कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग तुम्ही घरी का नाही आले?"

मी गुडघ्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "मम्मीला तुम्हीच सांगा. मेरे से नहीं होगा."

दुसऱ्या दिवशी दुपारीच गेलो. लोखंडी फाटकाला हात लावला तर ते नुसतंच टेकवलेलं होतं. शुभांगी ओसरीत धुतलेले कपडे घड्या घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, घडी पुरी केली आणि म्हणाली, "बसा काका. मी चहा टाकतो." कोल्हापूरच्या बायकांसारखी ती अजून 'येतो, जातो' असंच बोलते. आतून तिचाच आवाज आला. "तुमच्यात काय झालं ते आबांनी सांगितलं न्हाई. पण तुमच्याकडनं आले तसं सरळ फाटकाशी गेले आणि कडी काढून ठेवली. रघ्या येईल म्हणाले, कडी लावू नगा. मी म्हटलं, अहो, गाई येतात आत. येऊ देत म्हणाले. रोज मी लावायचो, रोज ते काढायचे. एक गाय येऊन माझी सगळी अबोली खाऊन गेली की हो."

चहा घेऊन ती बाहेर आली. "मी म्हटलं, तुम्हीच जाऊन या की तिकडं. तर म्हणाले, चूक त्याची हाय, यायचं त्यानं. भित्रा हाय तो. भित्र्याला जरा उशीर लागतो." ती हसली आणि पदराने कप पुसून माझ्यापुढे ठेवला. "आता सवयच लागली. अजून लावत न्हाई आम्ही."

चहा प्यायलो. बराच वेळ बसलो. ती कपडे घेऊन आत गेली तेव्हा उठलो, बाहेर आलो, फाटक ओढून घेतलं आणि गजांतून हात आत घालून कडी लावली.